स्वमग्न बालकाची आकडी आणि औषधांचे अनिष्ट परिणाम : वर्गशिक्षकाने काय पाहावे



कर्जतहून कोंडिवड्याच्या रस्त्याने कोंडाण्याकडे जाऊ लागले म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी ज्या लहानमोठ्या वाड्या लागतात, तेथील शाळा आपणांस परिचित आहेत. एका शिक्षकाकडे दोन, क्वचित तीन इयत्ता. अशा वर्गात एखादे स्वमग्न बालक असले, तर ते बहुधा कोपऱ्यात आपल्याच नादात बसलेले असते. त्याचा उपद्रव नसला म्हणजे आपणही समाधान मानतो, आणि उपद्रव असला म्हणजे तो ‘त्याचा स्वभाव’ म्हणून सोडून देतो. या दोन्ही वेळी एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटण्याचा संभव असतो. ती ही की, आपण ज्याला स्वभाव म्हणतो, तो कदाचित आजार असेल, अथवा आजारावर दिलेल्या औषधाचा परिणाम असेल.

हा विषय मी ग्रंथांतून नव्हे, स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुमारे बारा वर्षांपूर्वी मी याच तालुक्यातील एका वाडीवर शिक्षक होतो. इयत्ता दुसरीत एक स्वमग्न मुलगा होता. त्यास आकडीचाही विकार होता व मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेले औषध सुरू होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वर्गात सारखा पेंगू लागला. त्याची आई शाळेत आली तेव्हा मी सहज म्हणालो, “पोरगा दिवसभर झोपतो, अशाने तो शिकणार काय?” मी कोणत्याही सद्हेतूने अथवा दुष्टहेतूने हे बोललो नाही, केवळ बोलून गेलो. पाचव्या दिवशी भल्या पहाटे त्या मुलास आकडी आली, ती थांबेचना. गाडी मिळून कर्जतला पोहोचेपर्यंत बराच वेळ गेला. पुढे त्यास मुंबईस हलवावे लागले. मी भेटावयास गेलो, तेव्हा ती माउली एवढेच म्हणाली, “गुरुजी, तुमीच बोललात ना पोर झोपतो म्हनून? मंग गोली बंद केली.” मुलगा वाचला. परंतु त्यास जे पाच-सहा शब्द येत असत, त्यांतील ‘पाणी’ हा शब्द परत येण्यास सहा महिने लागले.

त्या पेंगण्याचे कारण नंतर समजले. सुट्टीच्या आधी औषधाची मात्रा वाढविली होती. मी जर आईस “डॉक्टरांना हे सांगा” एवढे तीन शब्द म्हटले असते, तर मात्रेचा विचार झाला असता व गोळी चालू राहिली असती.

स्वमग्नता आणि आकडी यांचा संबंध

अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा बालकांचे वर्णन करून स्वमग्नतेस स्वतंत्र स्थान दिले. ही अवस्था मेंदूच्या जडणघडणीतील आहे. आईबापांच्या वागणुकीचे ते फळ नव्हे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील एकवीस प्रकारांत तिचा समावेश आहे. आकडी, फेफरे, मिरगी, फिट अशा अनेक नावांनी ओळखला जाणारा विकार म्हणजे अपस्मार. चरकसंहितेत त्यावर निदानस्थानात व चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत; स्मृतीचा लोप हा त्या नावाचाच अर्थ आहे. मेंदूतील पेशींचे विद्युत्-संदेश एकाएकी बेसुमार उसळले म्हणजे आकडी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य उपचार मिळाल्यास शंभरांपैकी सत्तरापर्यंत रुग्ण आकडीमुक्त राहू शकतात.

स्वमग्न मुलांत अपस्माराचे प्रमाण इतर मुलांपेक्षा पुष्कळच अधिक आढळते. सोबत बौद्धिक अक्षमता असल्यास ते आणखी वाढते. पहिली आकडी येण्याचे दोन काळ विशेष आहेत. एक शैशवाचा व दुसरा वयात येण्याचा. म्हणजे अंगणवाडीच्या ताईंनी जितके सावध असावे, तितकेच सहावी-सातवीच्या शिक्षकानेही असावे. ‘इतकी वर्षे काही झाले नाही, आता काय होणार’ हा हिशेब येथे लागू पडत नाही.

आकडीचे रूप नेहमी एकच नसते

सर्वांग ताठ होणे, मग हातपाय झटकणे, तोंडास फेस येणे, कपड्यात लघवी होणे ही आकडी गावातील कोणीही ओळखतो. तिच्याविषयी येथे विस्तार करीत नाही. अडचण आहे ती न दिसणाऱ्या आकडीची.

एक प्रकार असा की, मूल लिहिता लिहिता पाच-दहा सेकंद थबकते, नजर शून्यात लागते, पापण्या किंचित फडफडतात, आणि जणू काही झालेच नाही अशा रीतीने ते पुन्हा लिहू लागते. दिवसातून असे अनेक वेळा होऊ शकते. दुसऱ्या प्रकारात मूल एक-दोन मिनिटे भान हरपते. ओठ चाटते, चघळल्यासारखे करते, सदऱ्याच्या गुंड्या चाळविते, निरर्थक फिरते. नंतर गोंधळलेले, थकलेले दिसते व पुष्कळदा झोपी जाते. कधी एकच झटका बसून हातातील पाटी दूर फेकली जाते, विशेषतः सकाळी. कधी मानेतील किंवा पायांतील बळ एकदम जाऊन मूल धाडकन पडते. दुपारच्या भोजनाच्या रांगेत वरचेवर ताटली सांडणाऱ्या मुलास ‘धांदरट’ म्हणण्यापूर्वी हे आठवावे. एक वर्षाच्या आतील बाळ झोपेतून उठताना वरचेवर, ओळीने, दचकल्यासारखे अंग मुडपून घेत असेल, तर त्यास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञास दाखवावे, असे अंगणवाडीच्या ताईंनी आईस सांगावे. या विशिष्ट आकडीत दिवस वाया गेल्यास बाळाच्या बुद्धीचे नुकसान होते.

आता मुख्य प्रश्न. स्वमग्न मूल आकडीवाचूनही हात फडफडविते, झुलते, शून्यात पाहते, हाक मारल्यास ओ देत नाही. मग फरक ओळखावा कसा?

पुष्कळ ठिकाणी असे सांगितले जाते की, हाक मारून पाहा. ओ न दिल्यास आकडी समजा. स्वमग्न बालकाच्या बाबतीत ही कसोटी खोटी आहे, कारण ते एरवीही हाकेला ओ देत नाही. त्याऐवजी त्यास जे अतिप्रिय आहे ते समोर करावे. कोणास चाके फिरविण्याचे वेड असते, कोणास घंटेचे, कोणास चुरमुऱ्यांच्या पिशवीच्या आवाजाचे. ती वस्तू दाखवून, खांद्यास हलकेच स्पर्श करून पाहावे. सवयीने चाललेले झुलणे किंवा फडफडविणे अशा वेळी क्षणभर तरी थांबते अथवा बदलते. आकडी थांबत नाही.

दुसरी खूण प्रसंगाची. फडफडविणे आनंदात, भीतीत, कंटाळ्यात, गोंगाटात वाढते. त्यास निमित्त असते. आकडीस निमित्त लागत नाही. ती जेवताना, खेळताना, झोपेतही येते. तिसरी खूण साचेबंदपणाची: आकडी बहुधा दर वेळी त्याच क्रमाने येते, जसे प्रथम डोळे उजवीकडे, मग ओठ चाटणे, मग झोप. चौथी खूण नंतरच्या काळाची. सवयीचे चाळे संपल्यावर मूल ताजेतवाने असते. आकडीनंतर मूल मलूल, गोंधळलेले किंवा चिडलेले असते. मात्र ती क्षणिक थबकण्याची आकडी या चौथ्या खुणेस अपवाद आहे, हे विसरू नये. शिवाय एकाच मुलास चाळेही असतात आणि आकडीही असते. म्हणून निश्चित निदान आपण करावयाचे नाही. आपण पाहावयाचे आणि सांगावयाचे.

आणखी एक लक्षण आवर्जून नोंदवितो. येत असलेली भाषा जर मूल हळूहळू गमावू लागले, तर ते ‘लाडावले’ किंवा ‘हट्टी झाले’ असे मानू नये. झोपेत मेंदूत होणाऱ्या विद्युत्-उत्पातांमुळे वाचा जाण्याचा एक विकार लँडाऊ व क्लेफ्नर या दोघांनी १९५७ साली वर्णिला आहे. त्यात बाहेरून आकडी दिसेलच असे नाही. वाचा जाण्याची कारणे इतरही असतात, पण प्रत्येक वेळी तपासणी अवश्य आहे.

औषधे आणि त्यांचे अनिष्ट परिणाम

स्वमग्नतेवर स्वतः असे औषध नाही. औषधे दिली जातात ती सोबतच्या त्रासांवर : आकडी, अनिवार चिडचिड, स्वतःस मारून घेणे, झोप न येणे, अतिचंचलता. इतर मूल ‘पोट दुखते’, ‘चक्कर येते’, ‘दोन दोन दिसते’ असे सांगू शकते. आपले हे मूल सांगू शकत नाही; ते डोके आपटते, जेवणाची थाळी लोटते, किंवा रोजच्या उंबऱ्यावर अडखळते. तेच त्याचे सांगणे असते.

चिडचिडीवर रिस्पेरिडोन हे औषध पुष्कळदा दिले जाते. त्याने भूक वाढते, काही महिन्यांत वजन भराभर वाढते, पेंग येते, लाळ गळते. मूल शाळेतील खिचडी तीन तीन वेळा मागू लागले व सदरा तटतटू लागला, तर त्याची थट्टा न करता दरमहा वजन नोंदवून पालकांमार्फत डॉक्टरांना कळवावे. याच गटातील औषधांनी आणखी दोन गोष्टी घडतात, त्यांची गल्लत फार होते. पहिली अशी की, औषध सुरू केल्यावर अथवा वाढविल्यावर थोड्याच दिवसांत मान एका बाजूस वळून अडकते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो. पाहणारास ही आकडीच वाटते. परंतु मूल शुद्धीत असते, घाबरलेले असते, आपल्याकडे पाहण्याची धडपड करते. हा स्नायूंचा आवळा औषधामुळे आलेला असतो. त्यास उतारा आहे, म्हणून त्वरित रुग्णालयात न्यावे, व जाताना औषधाची बाटली अथवा वेष्टन बरोबर न्यावे. दुसरी गोष्ट अस्वस्थतेची. मुलास आतून बसवतच नाही. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलते, येरझाऱ्या घालते. आपण म्हणतो, चंचलता वाढली. पालक तसेच डॉक्टरांना सांगतात. औषध आणखी वाढते. आणि अस्वस्थताही वाढते. हे दुष्टचक्र शिक्षकाच्या एका वाक्याने तुटू शकते : “हे डुलणे अमुक तारखेस औषध बदलल्यानंतर सुरू झाले.”

आकडीवरील औषधांपैकी व्हॅल्प्रोएटने हात कापणे, केस गळणे, वजन वाढणे हे होऊ शकते. पण वारंवार उलट्या, अन्नावरील वासना जाणे, डोळे पिवळे दिसणे व विलक्षण सुस्ती ही लक्षणे दिसल्यास यकृतास इजा झाल्याचा संशय घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन व लॅमोट्रिजिन या औषधांनी अंगावर पुरळ उठून सोबत ताप किंवा तोंडात फोड आले, तर तीही तातडीची बाब होय. उन्हाळ्यात घामोळ्या समजून हळद लावीत बसू नये. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात. मात्रा अधिक झाल्यास चाल डळमळते, डोळे थरथरतात. फेनोबार्बिटोनने काही मुले पेंगतात, तर काही उलट अतिचंचल होतात. लेव्हेटिरासिटामने एरवी शांत असलेले मूल चावू-ओरबाडू लागल्याची उदाहरणे आहेत. टोपिरामेटने घाम कमी येतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात अशा मुलास मैदानावरील कवायतीपासून सावलीत घ्यावे. अतिचंचलतेवरील मिथाइलफेनिडेटने दुपारची भूक मरते, म्हणून डबा परत जातो.

ही नावे पाठ करण्याची आवश्यकता नाही. ध्यानात ठेवावयाचा तो काळाचा हिशेब. औषध केव्हा सुरू झाले, केव्हा वाढले, गोळी किती वाजता दिली आणि वर्तन केव्हा बदलले. सकाळी आठला गोळी घेऊन जे मूल रोज दहा ते बाराच पेंगते, त्याची पेंग बहुधा गोळीची. जे एरवी टवटवीत असून एखाद्याच दिवशी, अवेळी, मेल्यासारखे झोपते, त्याची झोप कदाचित न दिसलेल्या आकडीनंतरची, अथवा रात्री आलेल्या आकडीनंतरची. जिभेची कड चावलेली आहे काय, अंथरूण ओले होते काय, हे आईस विचारावे. आणि पेंगणाऱ्या मुलास उभे करणे, अंगठे धरावयास लावणे हे तर सर्वथैव वर्ज्य. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदीच आहे.

कोणतेही आकडीचे औषध एकदम बंद करू नये, हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावे. एकाएकी बंद केल्यास लांबणारी, न थांबणारी आकडी येऊ शकते. मात्रा कमी करावयाची ती डॉक्टरांनीच, हळूहळू.

आकडी आली असता

प्रथम घड्याळ पाहावे. घाबरलेल्या माणसास एक मिनिट दहा मिनिटांएवढे वाटते. मुलास जमिनीवर घेऊन जवळची बाके, दगड, पाट्या दूर साराव्यात; डोक्याखाली दुमडलेला टॉवेल किंवा दप्तर द्यावे; गळ्याजवळची गुंडी सोडावी; झटके ओसरताच, शक्य तर आधीच, कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर पडेल. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगविणे, हातात किल्ल्या देणे यांनी आकडी थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय किल्लीस मिळते, एवढेच.

पाच मिनिटे होऊनही आकडी न थांबल्यास, शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरी आल्यास, ही पहिलीच आकडी असल्यास, पाण्यात असताना आल्यास, डोक्यास मार लागल्यास अथवा नंतर श्वास नीट चालत नसल्यास १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. आपल्या वाड्यांवर रुग्णवाहिका येण्यास वेळ लागतो; यास्तव पाच मिनिटे होण्याची वाट न पाहता तिसऱ्या मिनिटास एखाद्या मोठ्या माणसास गाडीच्या व्यवस्थेस धाडणे शहाणपणाचे. डॉक्टरांनी नाकात फवारण्याचे मिडाझोलाम लिहून दिले असेल, तर लेखी सूचना व पालकांची संमती शाळेत ठेवून त्याप्रमाणेच वापरावे.

शुद्धीवर येणाऱ्या स्वमग्न मुलाभोवती गर्दी झाली, तर त्याचा जीव अधिकच घाबरा होतो. इतर मुलांना बाहेर नेऊन शांतपणे सांगावे की, हा संसर्गाचा आजार नाही, आणि मित्र थोड्या वेळाने उठणार आहे. जमल्यास दुसऱ्या शिक्षकाने आकडीचे भ्रमणध्वनीवर चित्रण करावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. परंतु ते पालकांच्या अनुमतीने, केवळ डॉक्टरांसाठी. शिक्षकांच्या किंवा गावाच्या समूहावर ते पाठविणे म्हणजे त्या मुलाची विटंबना होय.

पाणी आणि आग यांविषयी दोन शब्द. पावसाळ्यात कोंडाण्याच्या लेण्यांच्या तोंडावरून धबधबा कोसळतो व तेथे सहल नेण्याचा मोह होतो. आकडीचा विकार असलेल्या मुलास अवश्य न्यावे, मात्र पाण्याच्या कडेस त्याचा हात एका ठरलेल्या मोठ्या माणसाच्या हातात असावा. नदी, विहीर, चूल व झाड या ठिकाणी त्यास एकटे सोडू नये, हे घरीही सांगावे. जागरणानेही आकडी बळावते. गणपती, हळद, देवीचा जागर यांच्या दुसऱ्या दिवशी अधिक लक्ष ठेवावे.

पालकांशी बोलताना

पालक पुष्कळदा आकडी लपवितात. मुलगी असल्यास विशेषच. लग्न मोडेल ही भीती खोटी नव्हती, कारण हिंदू विवाह अधिनियमातही अपस्मार हे विवाह रद्द ठरविण्याचे एक कारण होते. ती तरतूद १९९९ साली वगळण्यात आली, हे पालकांना सांगावे. भगताकडे जाण्यावरून त्यांच्याशी वाद घालू नये. त्याने दार बंद होते. “त्यांच्याकडे जा, पण गोळी चुकवू नका,” एवढे त्यांना पटते असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडील कित्येक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. अशा मुलाचे औषध वाटेत संपते, आणि भट्टीवर कोणासही त्याचे नाव ठाऊक नसते. निघण्यापूर्वी औषधाच्या चिठ्ठीची प्रत, मात्रा व वेळ मोठ्या अक्षरांत लिहून आईजवळ द्यावी, आणि पुरेसे औषध घेऊनच निघण्यास सांगावे. पातळ औषध असेल तर बाटली हलवून, मापानेच द्यावयाचे, हे स्वतः करून दाखवावे. घरातील चमचे सारख्या मापाचे नसतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्याचे तपासणी पथक शाळेत येते, तेव्हा स्वमग्न मूल बहुधा बिथरून पळून गेलेले असते व ‘अनुपस्थित’ म्हणून त्याची नोंद होते. त्या दिवशी त्याच्या आईस आवर्जून बोलवावे व आपली नोंदवही पथकातील डॉक्टरांच्या हाती द्यावी. तेथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पुढील शिफारस होते.

मेंदूच्या विद्युत्-आलेखासाठी डोक्यास अनेक तारा चिकटवाव्या लागतात. डोक्यास स्पर्श न खपणारे मूल तेथे आकांत करते, आणि आईबाप दिवसाची मजुरी बुडवून हात हलवीत परततात. आधी पंधरा दिवस वर्गात खेळ म्हणून कापसाचे बोळे कपाळास व केसांत चिकटविणे, टोपी घालून स्वस्थ पडणे, असा सराव करून घेतला, तर तपासणी सुकर होते. विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून येतील तेव्हा त्यांची मदत घ्यावी. आलेख निर्दोष आला म्हणून आकडी नाहीच असे ठरत नाही, हेही पालकांना आधीच सांगून ठेवावे.

नोंद कशी असावी, याचा एक नमुना देतो. ‘आज फार त्रास दिला’ ही नोंद निरुपयोगी. पुढील नोंद उपयोगी : “सोमवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे. पाढे चालू. हातातील खडू पडला, डोळे डावीकडे, ओठ चाटले. चाक दाखविले, पाहिले नाही. सुमारे ४० सेकंद. नंतर पाऊण तास झोप. कपडे कोरडे. गेल्या गुरुवारपासून रात्रीची गोळी अर्धीची एक झाल्याचे आई सांगते. सकाळी न्याहारी केली नव्हती.”